डिस्पोजलच्या लष्करी मोटारी आणि बॅटरी-चार्जिंगचे तंत्र : कोल्हापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे कारखानदार, परवाने व उत्पादनाचे आकडे यांवरच प्रामुख्याने भर दिला जातो. यंत्र कारखान्याबाहेर पडल्यानंतर ते कोणाच्या हाती गेले, कोणी चालते ठेवले आणि त्यासाठी कोणते ज्ञान उपयोगात आणले, याची नोंद क्वचितच होते. लष्कराने वापरून सेवेतून काढलेल्या व लिलावात विकलेल्या मोटारी हे या उपेक्षेचे ठळक उदाहरण होय. लोकव्यवहारात अशा वाहनास 'डिस्पोजलची गाडी' म्हणतात. जीप, जोंगा, एक टनी ट्रक, शक्तिमान, जिप्सी अशी तिची अनेक रूपे महाराष्ट्राच्या परिचयाची आहेत.

या मोटारींसंबंधी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. लष्करातून गाडी बाहेर येते. परंतु गाडीभोवतीची व्यवस्था बाहेर येत नाही. लष्करात प्रत्येक वाहनामागे माहितीपुस्तिका, देखभालीचे वेळापत्रक, प्रशिक्षित कारागीर, सुट्या भागांचे भांडार व बॅटरी चार्ज करण्याची सोय असते. लिलावात मिळते ते केवळ वाहन. उरलेले सर्व काही घेणाऱ्यास नव्याने उभे करावे लागते. ही उणीव प्रथम जाणवते ती बॅटरीच्या ठिकाणी. कारण महिनोन्‌महिने डेपोत उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी बहुधा उतरलेली असते आणि ती किती व्होल्टच्या चार्जरला लावावी, हा नव्या मालकापुढील पहिला प्रश्न असतो.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) लष्करी मोटारी नागरी वापरात येण्याच्या प्रक्रियेचा थोडक्यात आढावा घेणे.
२) या मोटारींच्या विद्युत-व्यवस्थेतील भेद व चार्जिंग साधनांचा विकास स्पष्ट करणे.
३) कोल्हापूरच्या कारागिरी परंपरेच्या संदर्भात चार्जरची निवड व वापर यामागील ज्ञानाचे महत्त्व मांडणे.

लष्करी मोटारींचे नागरी जीवनात आगमन

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातील सैन्याचे मोठ्या प्रमाणावर यांत्रिकीकरण झाले. अमेरिकेतून विलीज व फोर्ड बनावटीच्या जीप आल्या. कॅनडातून फोर्ड व शेव्हरोले बनावटीचे लष्करी ट्रक आले. ब्रिटिश बनावटीच्या मोटारी पूर्वीपासून होत्याच. एवढ्या वाहनांच्या देखभालीसाठी १९४३ मध्ये विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांचे स्वतंत्र दल (आजचे ईएमई) स्थापन करण्यात आले. युद्धाची झळ कोल्हापूर संस्थानालाही लागली होती. संस्थानचे राजाराम रायफल्स हे दल होते, तसेच १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथील छावणीत हजारो पोलिश निर्वासितांचे वास्तव्य होते.

युद्ध संपल्यावर ही वाहने निरुपयोगी ठरली. मे १९४६ मध्ये अमेरिका व हिंदुस्थान सरकार यांच्यात युद्धकालीन देणी व शिल्लक सामग्री यांविषयी करार झाला आणि अमेरिकी शिलकीचा मोठा साठा सरकारच्या ताब्यात आला. विल्हेवाट लावण्यासाठी सरकारने स्वतंत्र यंत्रणा उभी केली. त्या यंत्रणेच्या नावातील 'डिस्पोजल' हा शब्द बाजारपेठेने उचलला व तो मराठीत कायमचा रुळला. पुढे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय या नावाने ओळखले गेलेले खाते ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद झाले. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत होणाऱ्या ई-लिलावांनी दरम्यानच्या काळात या व्यवहाराचे स्वरूप बरेच बदलले.

स्वातंत्र्यानंतर डिस्पोजलच्या मालाचे स्वरूपही बदलत गेले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९५९ पासून जबलपूर येथे जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला. १९६९ मध्ये जबलपूर वाहन कारखाना सुरू झाला आणि निसान कंपनीच्या परवान्याने जोंगा व एक टनी ट्रक ही वाहने सैन्यात रुजू झाली. मारुती जिप्सी १९९० च्या दशकात आली. यांपैकी प्रत्येक पिढीतील वाहने सेवा संपल्यावर लिलावात निघाली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६० नुसार संरक्षण खात्याच्या वाहनांची नोंदणी त्या खात्याकडेच होते. त्यामुळे बाणाच्या चिन्हाने सुरू होणारा लष्करी क्रमांक उतरवून प्रादेशिक परिवहन कार्यालयात नवी नोंदणी करणे ही नव्या मालकाची पहिली कागदोपत्री पायरी ठरते. नोंदणीच्या कागदावर इंजिन व चासीचे क्रमांक येतात. विद्युत-व्यवस्था किती व्होल्टची व अर्थ कोणता, हे मात्र त्यावर लिहिलेले नसते.

विद्युत-व्यवस्थेतील भेद

शिसे-आम्ल बॅटरीचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये लावला. तिच्या एका सेलचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो. तीन सेलची बॅटरी ६ व्होल्टची, सहा सेलची १२ व्होल्टची आणि १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक (सिरीजमध्ये) जोडल्या असता २४ व्होल्टची व्यवस्था तयार होते. डिस्पोजलच्या मोटारींत हे तिन्ही प्रकार आढळतात, ही पहिली अडचण होय.

युद्धकालीन विलीज जीप ६ व्होल्टची होती व तिच्यात बॅटरीचे निगेटिव्ह टोक चासीस जोडलेले असे. त्याच काळातील फोर्ड व्ही-८ इंजिनाच्या वाहनांत दाब ६ व्होल्टच असला, तरी पॉझिटिव्ह टोक चासीस जोडण्याची पद्धत होती. ब्रिटिश मोटारींतही 'पॉझिटिव्ह अर्थ' दीर्घकाळ प्रचलित होता. युद्धानंतर अमेरिकी सैन्याने १९५० च्या सुमारास आणलेल्या एम-३८ जीपपासून २४ व्होल्टची व्यवस्था स्वीकारली व पुढे नाटो राष्ट्रांच्या लष्करी वाहनांत ती प्रमाण झाली. या बदलामागे दोन कारणे होती. डिझेल इंजिन फिरवण्यास अधिक शक्ती लागते. दाब दुप्पट केल्यास त्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा पुरतो व तारा बारीक चालतात. शिवाय वाहनातील बिनतारी यंत्रांसही अधिक वीज लागत होती. भारतातही मोठ्या डिझेल ट्रकांत २४ व्होल्ट, तर जिप्सीसारख्या हलक्या वाहनांत १२ व्होल्ट अशी विभागणी झाली.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. नागरी वापरात आल्यावर अनेक गाड्यांचे मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले गेले, ६ व्होल्टच्या जीप १२ व्होल्टच्या करण्यात आल्या, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आले. त्यामुळे मूळ माहितीपुस्तिका हाती आली तरी ती समोरच्या गाडीस लागू पडेलच असे नाही. गाडीचा खरा इतिहास तिच्या वायरिंगमध्येच वाचावा लागतो.

चार्जिंग साधनांचा विकास

बॅटरी चार्ज करण्यास एकदिश (डीसी) प्रवाह लागतो. सैन्यात त्यासाठी पेट्रोलवर चालणारे लहान जनित्र-संच वापरले जात. नागरी जीवनात मात्र वेगवेगळ्या युक्त्या करणे भाग होते. जेथे वीजपुरवठाच एकदिश होता, तेथे दिव्यांमधून प्रवाह मर्यादित करून बॅटरी चार्ज करण्याची पद्धत होती. २२० व्होल्टवर १०० वॅटचा एक दिवा सुमारे अर्धा अँपिअरच प्रवाह जाऊ देतो. म्हणून ४ ते ५ अँपिअरसाठी दहा दिवे समांतर जोडावे लागत. या पद्धतीत नव्वद टक्क्यांहून अधिक वीज दिव्यांच्या उष्णतेत वाया जाई. शिवाय बॅटरीस हात लावणाऱ्यास थेट मुख्य पुरवठ्याचा धक्का बसण्याचा धोका असे.

पुरवठा प्रत्यावर्ती (एसी) झाल्यावर रेक्टिफायरची आवश्यकता निर्माण झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत तयार झालेला 'टंगर' हा आर्गॉन वायू भरलेला काचेचा दिवा गॅरेजमधील चार्जिंगसाठी जगभर वापरला गेला. त्यानंतर सेलेनियमच्या पत्र्यांचे रेक्टिफायर आले. १९६० नंतर सिलिकॉन डायोड स्वस्त होत गेला आणि चार्जर म्हणजे एक ट्रान्सफॉर्मर, दोन किंवा चार डायोड, एक अँपिअर-मीटर व दाब बदलण्यासाठी फिरवायचा स्विच, असे त्याचे सुटसुटीत रूप रूढ झाले. प्रवाह किती द्यावा व केव्हा थांबवावा, हे मात्र माणसानेच ठरवावयाचे होते. बॅटरीचा दाब पाहून स्वतःच प्रवाह कमी करणारे स्वयंचलित चार्जर सर्रास उपलब्ध होण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

कोल्हापूरची कारागिरी परंपरा

कोल्हापुरात यंत्र दुरुस्त करण्याबरोबरच ते स्वतः बनवून पाहण्याची वृत्ती जुनी आहे. बाबूराव पेंटर यांनी येथेच चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार करून महाराष्ट्र फिल्म कंपनी नावारूपास आणली. शेजारच्या किर्लोस्करवाडीत १९१० पासून यंत्रोद्योग उभा राहिला होता. ऊस व गूळ यांच्या अर्थव्यवस्थेस ऑइल इंजिने, चरक व पंप लागत. त्यांच्या दुरुस्तीतून व सुट्या भागांच्या निर्मितीतून शिवाजी उद्यमनगर व पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव येथील ओतकाम व अभियांत्रिकी उद्योग विस्तारले.

बॅटरी-चार्जिंगच्या दृष्टीने या परंपरेतील एक धागा विशेष महत्त्वाचा आहे. पंचगंगेच्या खोऱ्यात उपसा सिंचन वाढले, तसे विजेच्या पंपांच्या मोटारी जळणे व त्या पुन्हा गुंडाळणे, म्हणजे रिवाइंडिंग, हा गावोगावचा व्यवसाय झाला. तांब्याच्या तारेचा जाडीक्रमांक व वेढ्यांची संख्या यांचा हिशेब जाणणाऱ्या कारागिरास चार्जरचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळणे अवघड नव्हते. ६, १२ व २४ व्होल्टसाठी दुय्यम वेढ्यांतून तीन टॅप काढणे एवढेच काम होते. म्हणजेच तिन्ही दाबांच्या डिस्पोजल मोटारींस लागणारा चार्जर येथील कारागिरीच्या आवाक्यातील होता.

दुसरा धागा माजी सैनिकांचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यात सैन्यसेवेची परंपरा मोठी असून शिरोळ तालुक्यातील एका गावाचे नावच सैनिक टाकळी असे आहे. सैन्यातून चालक वा तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालेली माणसे गावी परतली, तेव्हा लिलावात न मिळणारी माहिती त्यांच्याबरोबर आली, असे मानण्यास जागा आहे. वाहन एका वाटेने बाहेर पडले व त्याचे ज्ञान दुसऱ्या वाटेने. गॅरेजमध्ये या दोन वाटा पुन्हा एकत्र आल्या. मात्र हे ज्ञान तोंडी राहिले. त्याची लेखी नोंद झाली नाही, ही इतिहासाच्या अभ्यासकासमोरील खरी अडचण आहे.

चार्जरची निवड

उपरोक्त विवेचनावरून चार्जर निवडताना विचारात घ्यावयाच्या बाबी निश्चित करता येतात.

पहिली बाब दाबाची. गाडीवरील जुनी पाटी किंवा ऐकीव माहिती यांवर न विसंबता बॅटरीचे सेल व जोडणी स्वतः पाहावी. ६ व्होल्टच्या बॅटरीस १२ व्होल्टचा चार्जर लावल्यास प्रवाह बेसुमार वाढतो, आम्ल उकळल्यासारखे फसफसते व हायड्रोजन वायूचा स्फोट होऊ शकतो. याउलट २४ व्होल्टच्या जोडीस १२ व्होल्टचा चार्जर लावल्यास बॅटरी चार्ज होतच नाही.

दुसरी बाब क्षमतेची. बॅटरीच्या अँपिअर-तास क्षमतेच्या एक दशांश प्रवाह हा जुना व आजही उपयुक्त नियम आहे. १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी उतरली असेल, तर १० अँपिअरने पाच तास लागावेत. परंतु चार्जिंगमधील तूट धरता प्रत्यक्षात सहा तास धरावेत. दहा तासांचे काम दोन तासांत उरकणारा मोठा चार्जर सोयीचा वाटला, तरी जुन्या प्लेटांना तो अपायकारक ठरतो.

तिसरी बाब वापराच्या पद्धतीची. रोज चालणाऱ्या गाडीस साधा चार्जर पुरतो. वर्षातून काही वेळाच बाहेर निघणाऱ्या संग्राह्य गाडीस मात्र अल्प प्रवाहावर सतत देखभाल करणारा स्वयंचलित चार्जर योग्य. असा चार्जर १२ व्होल्टच्या बॅटरीस प्रथम सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत नेतो व नंतर सुमारे १३.६ व्होल्टवर धरून ठेवतो. २४ व्होल्टसाठी हे आकडे दुप्पट होतात. त्याची एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. पूर्णतः उतरलेल्या बॅटरीचा दाब इतका कमी असतो की अनेक स्वयंचलित चार्जर तिला ओळखतच नाहीत. अशा वेळी जुन्या पद्धतीच्या साध्या चार्जरने देखरेखीखाली अल्प प्रवाह देऊन तिला प्रथम जागे करावे लागते.

वापरातील दक्षता

चार्जरचे पॉझिटिव्ह टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकासच जोडावयाचे; गाडीचा अर्थ कोणता, याने त्यात फरक पडत नाही. गोंधळ होतो तो चासीस जोडलेले टोक निगेटिव्हच असणार असे गृहीत धरल्यामुळे. टोकांवरील खुणा पुसल्या असतील, तर बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब निगेटिव्हपेक्षा जाड असतो, ही खूण उपयोगी पडते. जोडणी उलटी झाल्यास अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतात. म्हणून शक्यतो बॅटरी गाडीपासून सोडवूनच चार्ज करावी. सोडवताना चासीस जोडलेली तार प्रथम काढावी व बसवताना ती शेवटी जोडावी. पॉझिटिव्ह अर्थाच्या गाडीत ही तार पॉझिटिव्ह टोकाची असते, एवढाच भेद.

२४ व्होल्टच्या गाड्यांत एक दोष वारंवार उद्भवतो. रेडिओ वा दिव्यासाठी दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले जातात. ती बॅटरी सतत अपुरी भरते व दुसरी प्रमाणाबाहेर भरते. काही महिन्यांत दोन्ही निकामी होतात. अशा वेळी नवा २४ व्होल्टचा चार्जर आणल्याने प्रश्न सुटत नाही. दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून प्रत्येकीस १२ व्होल्टच्या चार्जरने पूर्ण भरावे व नंतरच त्या जोडाव्यात. बदलतानाही दोन्ही एकदम व एकाच क्षमतेच्या घ्याव्यात.

चार्जिंग पूर्ण झाले की नाही, हे हायड्रोमीटरने ठरवणे सर्वांत विश्वसनीय. पूर्ण भरलेल्या बॅटरीत आम्लाचे विशिष्ट गुरुत्व सामान्यतः १.२५ ते १.२८ च्या दरम्यान असते व पूर्ण उतरल्यावर ते १.१२ च्या आसपास येते. एखाद्याच सेलचे माप इतरांपेक्षा बरेच कमी असेल, तर दोष चार्जरचा नसून त्या सेलचा आहे, असे समजावे. डिस्टिल्ड पाणी चार्जिंगनंतर योग्य पातळीपर्यंत घालावे. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर मात्र त्या बुडतील इतके आधी घालावे. जागा हवेशीर असावी व जवळ विडी-काडी पेटवू नये.

कोल्हापूरच्या हवामानाचा येथे वेगळा विचार करावा लागतो. पावसाळ्याचे चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते व प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. म्हणून आगोटीपूर्वी बॅटरी काढून, भरून, कोरड्या जागी ठेवणे व दर महिन्यास चार्ज करणे हितावह. २०१९ व २०२१ च्या महापुरांसारख्या प्रसंगी पाण्यात बुडालेली गाडी तर बॅटरी सोडवून, धुऊन व तपासल्याशिवाय चार्जरला लावूच नये.

वर्तमान स्थिती

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांस 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी देण्याचे नियम केले. त्यामुळे युद्धकालीन जीप भंगाराऐवजी वारसा म्हणून जतन होण्याचा मार्ग खुला झाला. मात्र अशा वाहनाचे मूळपण जपावयाचे, तर त्याची ६ व्होल्टची व्यवस्था व तिचा चार्जरही जपावा लागेल. बाजारात सहज मिळणारे चार्जर प्रामुख्याने १२ व्होल्टचे असतात आणि या सोयीपायी मूळ व्यवस्था बदलण्याचा मोह होतो.

दुसरा प्रश्न शिशाचा आहे. बॅटरीविषयक नियम प्रथम २००१ मध्ये व नंतर अधिक व्यापक स्वरूपात २०२२ मध्ये आले. चुकीच्या चार्जिंगने अकाली निकामी झालेली प्रत्येक बॅटरी शेवटी शिसे वितळवणाऱ्या भट्टीकडे जाते व तेथील कामगाराच्या रक्तात ते शिसे उतरण्याचा धोका असतो. म्हणून योग्य चार्जरची निवड हा केवळ मालकाच्या खर्चाचा प्रश्न राहत नाही.

निष्कर्ष

१) डिस्पोजलच्या व्यवहारात वाहन हस्तांतरित होते, ज्ञान होत नाही. ही तूट स्थानिक कारागिरांस भरून काढावी लागते.
२) ६, १२ व २४ व्होल्ट, दोन प्रकारचे अर्थ व नंतरचे फेरफार यांमुळे चार्जरची निवड गाडीच्या नावावरून करता येत नाही, ती प्रत्यक्ष तपासणीवरूनच करावी लागते.
३) कोल्हापुरातील ओतकाम, ऑइल इंजिन व रिवाइंडिंग या व्यवसायांतून असे चार्जर तयार करण्यास व वापरण्यास अनुकूल कौशल्य निर्माण झाले.
४) हे कौशल्य अलिखित असल्याने ते जाणणाऱ्या पिढीबरोबरच नाहीसे होण्याचा धोका आहे. उद्यमनगरातील वयोवृद्ध कारागीर व जिल्ह्यातील माजी सैनिक तंत्रज्ञ यांच्या मुलाखती, त्यांनी बनवलेल्या चार्जरची छायाचित्रे व वायरिंगचे आराखडे यांचे संकलन महाविद्यालयांच्या इतिहास व भौतिकशास्त्र विभागांनी संयुक्तपणे हाती घेणे आवश्यक आहे. संग्रहालयात ठेवलेली जीप पुढील पिढीस युद्धाविषयी सांगेल. ती पुढे सत्तर वर्षे कोणी व कशी चालू ठेवली, हे सांगण्यासाठी तिच्या शेजारी तो लोखंडी पेटीतला चार्जरही ठेवावा लागेल.